प्लॉटपुरती पेठ

पुण्याच्या पेठांमधले वाडे कशाने गेले, असे एखाद्या जुन्या पुणेकराला विचारले तर पहिले उत्तर येते पानशेतचे आणि दुसरे बिल्डरांचे. दोन्हींत तथ्य आहे. पण ही हकिगत मुळापासून सांगायची तर 1 सप्टेंबर 1940 या तारखेपासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी पुण्यात सांगण्यासारखे काही घडले नव्हते. पुढे 1947 साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि त्यात ही तारीख धरली. त्या दिवशी ज्या जागेचे जे भाडे होते, तेच तिचे प्रमाण भाडे ठरले. घरमालकाला ते मनाला येईल तसे वाढवता येईना आणि नियमाने भाडे भरणाऱ्याला बाहेरही काढता येईना.

कायद्याची गरज होती, यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धाने महागाई भडकली होती, शहरात माणसे वाढत होती, घरे मिळत नव्हती. दोन खोल्यांत संसार थाटलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला या कायद्याने डोक्यावरचे छप्पर राखून दिले. स्वातंत्र्यानंतरचे मध्यमवर्गीय पुणे त्याच आधारावर उभे राहिले, असे मी म्हणेन. पण ज्या छपराखाली ही माणसे राहत होती, त्या छपराची काळजी कुणी आणि कशातून घ्यायची, हे मात्र कायद्याने नीट सांगितले नाही.

वाडा कसा बांधलेला असे, हे पाहिल्याशिवाय या चुकीचे मोल कळत नाही. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा. खालच्या मजल्याला विटा आणि चुना, वरच्या मजल्यांना बहुधा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि माथ्यावर कौले. पांढरी माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण तिला पाणी सोसत नाही. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची. फुटकी कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची. एखाद्या वर्षी हे काम चुकले तर पाणी कौलांतून भिंतीत उतरते. भिंत ओली राहिली की तिच्यात रुतलेले तुळईचे टोक कुजू लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही. वाडा पडतो तो बहुतेक वेळा इथून.

हे वाडे ज्या पेठांत उभे राहिले, त्या पेठा मुळात ठरवून वसवलेल्या होत्या. कसबा सगळ्यांत जुना. जिजाबाई बाल शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या, त्या काळचे गाव ते एवढेच. पहिल्या बाजीरावाने 1730 च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला आणि गावाचे शहर होऊ लागले. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली, जुन्या हनुमंत पेठेला पुढे नाना फडणवीसांचे नाव मिळाले, रास्त्यांच्या नावाने रास्ता पेठ झाली. नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना सवलती देऊन बोलवायचे, हमरस्ता आखायचा, पाण्याची सोय लावायची, अशी ती रीत होती. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणले आणि ते जागोजागच्या हौदांत सोडले. वाडा ज्याचा त्याचा असे. रस्ता, हौद, देऊळ आणि बाजार मात्र पेठेचा. घराबरोबर पेठेचाही विचार करणारे कुणीतरी तेव्हा होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीसाठी ध्यानात ठेवायला हवी.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि वाड्यांना पोसणारे उत्पन्नही गेले. 1828 च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला. 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत गेला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. सरदारांच्या वंशजांनी चौकामागून चौक भाड्याने दिले. शहरात शाळा, कॉलेजे, कचेऱ्या आणि छापखाने वाढत होते, त्यामुळे खोल्यांना गिऱ्हाईक कमी नव्हते. जिथे एक कुटुंब आणि त्याचा गोतावळा राहायचा, तिथे पंधरा-वीस बिऱ्हाडे आली. नळ एक, संडास सामाईक, चौकात सगळ्यांची दोरीवर धुणी. या दाटीतून जे शेजारपण वाढले त्याचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत आणि ते खरेही होते. पण 1897 मध्ये प्लेग याच दाटीत फोफावला, हेही तितकेच खरे.

शहराचा मध्य नव्याने घडवण्याचे पहिले मोठे काम इंग्रजी अमदानीतले. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवून शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधली गेली. 1886 मध्ये ती सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे मोठे रस्ते पेठांमधून काढले गेले. वाडे कापले गेले, काहींचे दर्शनी भाग गेले. जे नव्या रस्त्यावर आले त्यांच्या तळमजल्यावर दुकाने निघाली. आतल्या बोळातला वाडा आणि रस्त्यावरचा वाडा यांचे नशीब तेव्हाच वेगळे झाले.

त्यानंतर 1947 चा कायदा आला. भाडे जागच्या जागी थांबले. चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. काही वर्षांतच एका बिऱ्हाडाच्या वर्षभराच्या भाड्यात कौलांचा एक कोपराही शाकारून होईना. मालकाने हात आखडता घेतला. भाडेकरू म्हणायचा, घर माझे नाही, मी का खर्च करू? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि पाणी मुरत राहिले. मालकांची पुढची पिढी कर्वे रस्त्यावर किंवा डेक्कनवर बंगल्यात राहायला गेली. वाड्याशी तिचा संबंध उरला तो भाडेपावतीपुरता आणि कोर्टापुरता.

अशा थकलेल्या वाड्यांवर 12 जुलै 1961 चा दिवस उजाडला. पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले होते. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवले. सकाळी ते फुटले. पाणी खडकवासल्यात आले आणि दुपारपर्यंत ते जुने धरणही गेले. शहराला वेळेवर, नीट सूचना मिळालीच नाही. नदीला पाणी चढलेले पाहायला लोक लकडी पुलावर गेले आणि तिथूनच पाठीवर पाणी घेऊन पळाले. लकडी पूल बुडाला, नवा पूल बुडाला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांच्या नदीकडच्या भागांत पाणी शिरले आणि तासन् तास उभे राहिले.

नुकसान पाण्याच्या लोंढ्याने झाले तेवढेच ते ओसरल्यावर झाले. भिजून फुगलेली पांढरी माती ढासळू लागली. कुठे भिंती गेल्या आणि सागवानी सांगाडा नुसता उभा राहिला, कुठे सांगाड्यासकट सगळे खाली आले. खडकवासला फुटल्यामुळे शहराचे पिण्याचे पाणी तुटले, आणि वाड्यांमधल्या विसरलेल्या विहिरींवर पुन्हा रहाट लागले. शेकडो माणसे गेली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांनी काम पुरे होण्याआधीच आत्महत्या केली आणि दुसरा आयोग नेमावा लागला. ती कथा वेगळी, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

आपल्याला पाहायचे आहे ते पुनर्वसन. पुण्याचे आयुक्त राहिलेले स. गो. बर्वे यांच्याकडे ते काम आले आणि त्यांनी ते झपाट्याने केले. गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल निसन हट उभ्या राहिल्या. लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर या बाजूंना पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, शंभरावर सहकारी सोसायट्या निघाल्या. पेठेत तीन पिढ्या भाड्याने राहिलेल्या हजारो कुटुंबांना प्रथमच स्वतःचे म्हणता येईल असे घर मिळाले. शहर नदी ओलांडून आणि पर्वतीला वळसा घालून पसरले. या कामाची थोरवी मला नेहमी वाटत आली आहे. पण पेठांच्या बाजूने पाहिले तर एक संधी तिथेच निसटली. नदीकाठचा एवढा मोठा पट्टा एकाच वेळी मोकळा झाला होता. गल्ल्या नव्याने आखता आल्या असत्या, चार प्लॉट जोडून मध्ये चौक ठेवता आला असता, पेठेला पुन्हा एकदा पेठ म्हणून पाहता आले असते. घाई होती, लोक उघड्यावर होते, हे समजते. ज्याचा प्लॉट त्याने त्यावर बांधले आणि जुन्याच हद्दींवर सिमेंटच्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या.

याच सुमारास फ्लॅट विकण्याला कायद्याची चौकट मिळाली. 1960 मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला, 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा, 1970 मध्ये अपार्टमेंटचा. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले होते आणि हप्त्याने का होईना, घर घेऊ शकणारा पगारदार तयार झाला होता. वाड्याचा मालक, त्याचे भाडेकरू आणि बांधणारा यांच्यात आता सौदा होऊ शकत होता. भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यायची, मालकाला त्याचा वाटा द्यायचा, उरलेले विकून खर्च आणि नफा काढायचा. महापालिकेचा पहिला विकास आराखडा 1966 मध्ये अमलात आला, दुसरा 1987 मध्ये. शहराच्या इतर भागांत प्लॉटच्या एकपट बांधकाम, तर गावठाणात, म्हणजे या जुन्या पेठांत, दीडपट, असा साधारण हिशेब होता.

हा सौदा कुठे जमायचा आणि कुठे फिसकटायचा, ते आकड्यांनीच कळते. समजा, चार हजार चौरस फुटांचा वाडा आहे. दीडपट म्हणजे सहा हजार फूट बांधता येते. बारा भाडेकरूंना प्रत्येकी अडीचशे फूट दिले की तीन हजार गेले. मालक तीन भाऊ, त्यांना मिळून दीड हजार. विकायला उरले दीड हजार फूट, आणि त्यातून सहा हजार फुटांच्या बांधकामाचा सगळा खर्च निघायला हवा. आतल्या बोळात तो निघत नाही. लक्ष्मी रस्त्यावर किंवा बाजीराव रस्त्यावर मात्र तळमजल्याच्या दुकानांना जो भाव येतो, त्यात तो निघतो आणि वर नफाही राहतो. म्हणून रस्त्यावरचे वाडे आधी गेले. आत राहिले ते मोडके, तंट्यातले, पुष्कळ भाडेकरू असलेले आणि वारसांची यादी लांबलेले. वाडे पैशाच्या हव्यासाने गेले असे सरसकट म्हणताना, पैसा न सुटल्यामुळे सडत राहिलेल्या या वाड्यांकडे आपले दुर्लक्ष होते.

मुंबईत याच आजारावर वेगळा उपाय झाला होता. 1969 च्या कायद्याने तिथे जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमले गेले. त्याचा कारभार कसा झाला यावर मतभेद आहेत, पण दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, एवढे तरी मान्य झाले. पुण्याच्या पेठांना असे मंडळ कधीच मिळाले नाही. इथे महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांची यादी करते आणि नोटिसा लावते. भाडेकरूला शंका येते की मालकाने आपल्याला काढण्यासाठीच ही नोटीस लावून घेतली. एकदा बाहेर पडलो तर परत जागा मिळणार नाही, या भीतीने तो तिथेच राहतो. ही भीती निराधार नसते. आणि भिंत तर कुणासाठी थांबत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या डिसेंबरात सांगितले की 1940 ला खिळवलेले भाडे आता अन्यायकारक झाले आहे. त्यानंतर राज्याचा 1999 चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा मिळाली. पण साठ वर्षे गोठलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे किती होणार? शाकारणीचे दिवस तोवर निघून गेले होते, कौले शाकारणारे कारागीरही.

वर रस्तारुंदीची रेषा होतीच. आराखड्यात पेठांतले रस्ते रुंद दाखवलेले, पण ते रुंद होणार कधी, तर कडेचा वाडा नव्याने बांधला जाईल तेव्हा. एक इमारत मागे सरकते, शेजारचा वाडा पुढेच राहतो, त्यापलीकडची इमारत पुन्हा मागे. पेठेतल्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहून पाहा, कडा अशी दातेरी दिसते. मागे सरकलेल्या जागेत वाहने लागतात, रस्ता होता तेवढाच राहतो. जिथे ओसरी होती तिथे पार्किंग आले, जिथे चौक होता तिथे जिना आणि लिफ्ट. शेजारच्या दोन इमारतींच्या खिडक्या हातभर अंतरावर समोरासमोर आल्या. वाड्याला उजेड आणि वारा त्याच्या पोटातल्या चौकातून मिळायचा, त्यामुळे तो शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभा राहू शकायचा. इमारतीला उजेड बाहेरून हवा असतो, आणि बाहेर जागाच सोडलेली नव्हती. पुढच्या नियमांनी बाजूला मोकळी जागा सोडायला लावली, तर वीस-पंचवीस फूट रुंदीच्या प्लॉटवर बांधायला काही उरेना, अशी मालकांची तक्रार सुरू झाली. नियम मोठ्या प्लॉटांचा विचार करून केलेले आणि पेठ लहान प्लॉटांची, हे भांडण आजही मिटलेले नाही.

महापालिकेने वारसा इमारतींची यादी केली. अडीचशेच्या आसपास वास्तू तिच्यात आल्या. विश्रामबागवाडा आणि नानावाडा यांच्या जतनाचे चांगले काम झाले. पण हे दोन्ही महापालिकेच्या ताब्यातले. खासगी वाड्याच्या मालकाला यादीत नाव आल्याचा आनंद व्हायचे कारण नव्हते. पाडता येईना, आणि राखायला पैसा कुणी देईना.

बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याची गोष्ट यातूनच उमगते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती इथे. देशाच्या इतिहासातली इतकी मोठी जागा, पण कायद्याच्या लेखी ती रस्त्यावरच्या दुकानांची, भाडेकरूंची मालमत्ता होती. स्मारकाचा ठराव झाला, भूसंपादन निघाले, दावे चालले आणि वर्षे गेली. तोवर वरचे मजले ढासळत गेले. 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि 4 डिसेंबरच्या रात्री महापालिकेने उरलेसुरले बांधकाम उतरवले. स्मारक आता नव्या इमारतीत होणार. ज्या भिंतींत ती शाळा भरली, त्या वाचवायला आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे होती.

मधल्या काळात शहराच्या मध्यात सगळ्यांत मोठे बांधकाम झाले ते जमिनीखाली. 2016 च्या डिसेंबरात मेट्रोचे भूमिपूजन झाले. सिव्हिल कोर्टाचे स्थानक 33 मीटर खोल गेले, तिथून नदीखालून बोगदे निघाले आणि कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला पोचले. 2019 मध्ये स्वारगेटला खोदताना पाण्याचा जुना भुयारी मार्गही हाती लागला. 29 सप्टेंबर 2024 ला हा टप्पा सुरू झाला. कितीतरी दशकांनी कुणीतरी पेठांकडे प्लॉटची हद्द सोडून सलग पाहिले, म्हणून मला या कामाचे महत्त्व वाटते. मात्र स्थानकांच्या परिसरात जादा बांधकामाची जी सवलत आहे, तिला रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचे आकारमान यांच्या अटी आहेत. बोळातल्या वाड्याला त्या पुऱ्या करता येत नाहीत. दोन-चार शेजाऱ्यांनी प्लॉट एकत्र केले तर काही ठिकाणी जमेल, आणि समूह विकासाची तरतूद नियमांत आहेही. पण चार वाडे म्हणजे वीस-पंचवीस वारस, चाळीस-पन्नास भाडेकरू आणि निदान दोन-तीन चालू दावे. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचे काम कुणा अधिकाऱ्याचे किंवा खात्याचे म्हणून नेमून दिलेले नाही.

सगळ्यांत अडकलेले आहेत ते शनिवारवाड्याच्या शेजारचे लोक. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करायचे नाही, हा नियम 1992 मध्ये आला आणि 2010 मध्ये संसदेने तो कायद्यातच घातला. पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पहिल्या वर्तुळात दुरुस्ती चालते, पुनर्बांधणी चालत नाही. म्हणजे वाडा पडला तर मालकाकडे जमीन राहते, घर उभे करता येत नाही, आणि भाडेकरूकडे तर काहीच राहत नाही. ज्या शनिवारवाड्याभोवती माणसे वसवण्यासाठी सवलती दिल्या गेल्या, त्याच्याच कुंपणाबाहेरची वस्ती आता कायद्याने विझते आहे. 2023 च्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक झाली तेव्हा वाड्यांचा प्रश्न प्रचारात सगळ्यांनी घेतला. त्या वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. आणि सभागृह असते तरी 100 मीटरचा नियम त्याच्या हाती नव्हता. तो सैल करण्याचा एक प्रयत्न संसदेत झाला होता, 2018 च्या जानेवारीत लोकसभेने दुरुस्ती विधेयक मंजूरही केले. पुढे राज्यसभेत ते अडकले. त्यात सवलत मागितली होती ती केंद्राच्या सार्वजनिक कामांसाठी. राहत्या घराचा त्यात उल्लेख नव्हता.